लाकडी घरांच्या कंपनीत शाश्वततेचं काम हाती घेतलंयस, तर आधी हे वाच

पहिला अहवाल लिहायला बसण्याआधी खरेदी विभागात जाऊन लाकडाची बिलं काढ. पुरवठादाराच्या माहितीपत्रकावर एफएससीचा (जबाबदारीने सांभाळलेल्या जंगलांतल्या लाकडाला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा) शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नकोस. बिलावर त्याचा साखळी प्रमाणपत्राचा, म्हणजे जंगलापासून विक्रीपर्यंत लाकडाचा माग ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचा, क्रमांक आणि त्या मालाचा दावा, म्हणजे १०० टक्के, मिक्स की पुनर्वापरित, हे दोन्ही लिहिलेलं हवं. नसेल तर तो माल तुझ्या हिशेबात प्रमाणित धरू नकोस, विक्रीवाले कितीही मागे लागले तरी. आणि मिक्स म्हणजे सगळंच लाकूड प्रमाणित जंगलातलं, असंही नाही.

आता कार्बन. खरी गल्लत इथेच होते. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. ५०० किलो कोरडं लाकूड म्हणजे २५० किलो कार्बन, त्याला ४४/१२ ने (कार्बन डायऑक्साइड आणि कार्बन यांच्या वजनांच्या गुणोत्तराने) गुणलं की झाडाने हवेतून घेतलेला सुमारे ९१७ किलो कार्बन डायऑक्साइड. आकडा देखणा आहे, मार्केटिंगवाल्यांना तर फारच आवडतो. पण करवत गिरणी, भट्टीतली सुकवणी, गोंद, वाहतूक यांच्या उत्सर्जनातून तो वजा करून ‘आमचं घर कार्बन-निगेटिव्ह’ असं छापू नकोस. लाकडातला हा साठा वेगळ्या ओळीत दाखव. घर पाडल्यावर ते लाकूड जाळलं की तो कार्बन परत हवेतच जातो.

युरोपीय संघात माल विकणार असाल तर त्यांचा जंगलतोडीविरुद्धचा २०२३/१११५ हा नियम वाच, आणि तो कधीपासून लागू होतो तेही तपास. त्या नियमानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीवरचं लाकूड चालत नाही आणि ते जिथून आलं त्या भूखंडाचे अक्षांश-रेखांश साधारणपणे द्यावे लागतात. ते पुरवठादाराकडून आजच मागायला लाग.