छोट्या लेथच्या स्पिंडलसाठी (म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्यासाठी) ६२०५ मापाचं बॉल बेअरिंग घ्यायचंय. अचूकतेच्या वर्गांपैकी एबेक ७ घेऊ की पी६? आकडा मोठा तितकं बेअरिंग चांगलं, हे खरं आहे का?

एबेकमध्ये खरं आहे, 'पी'मध्ये बरोबर उलटं आहे. तुमचा गोंधळ इथेच झालाय. सात आणि सहा शेजारशेजारचे आकडे म्हणून फरक थोडाच असणार असं तुम्ही धरलंय, पण या दोन मोजपट्ट्या विरुद्ध दिशेने चालतात. अमेरिकी एबेक पद्धतीत १, ३, ५, ७, ९ अशी अचूकता वाढत जाते. आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकाच्या 'पी' वर्गांत साधा वर्ग (पी०), मग ६, ५, ४ आणि शेवटी २, म्हणजे आकडा लहान होईल तसं बेअरिंग अचूक. ढोबळमानाने एबेक ३ म्हणजे पी६, एबेक ५ म्हणजे पी५, एबेक ७ म्हणजे पी४. तेव्हा तुमच्या समोरच्या दोन बेअरिंगमध्ये पुऱ्या दोन पायऱ्यांचं अंतर आहे.

हे अंतर किती, ते तुम्ही म्हणता त्या ६२०५ वरच बघू. त्याचा बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, २५ मिलिमीटर. आतली रिंग फिरताना किती 'मारते', म्हणजे तिचा रनआउट, साध्या वर्गात १३ मायक्रॉनपर्यंत चालतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पी६ मध्ये ८, पी५ मध्ये ४, पी४ मध्ये ३ आणि पी२ मध्ये अडीच. पी६ वरून पी५ वर गेलं की रनआउट थेट निम्मा होतो, त्यानंतर एकेका मायक्रॉनसाठी पैसे मोजायचे. बोअरच्या मापातली सूटही अशीच घटते: साध्या वर्गात ते १० मायक्रॉनपर्यंत कमी भरू शकतं, पी४ मध्ये ५.

आता जे कुणी दुकानात सांगत नाही ते सांगतो. हा वर्ग बोलतो फक्त रिंगांच्या मापांबद्दल आणि त्या किती खऱ्या फिरतात याबद्दल. गोळ्यांची प्रत वेगळी, आवाजाची प्रत वेगळी. ग्रीस, केज (गोळ्यांना अंतरावर धरणारा पिंजरा), पोलाद यांबद्दल त्यात काहीच नाही. आयुष्याच्या मूळ सूत्रातही अचूकतेचा वर्ग येत नाही. तिथे भार येतो: बॉल बेअरिंगवरचा भार निम्मा केला की हिशेबाने आयुष्य आठपट होतं. स्केटच्या चाकांसाठी एबेकचा आकडा बघून ६०८ मापाचं बेअरिंग घेणाऱ्यांना मी म्हणूनच कळकळीने सांगतो, की धूळ आणि धक्के सोसण्याची ताकद या आकड्यात शोधू नका.

आणि क्लिअरन्स, म्हणजे रिंगा आणि गोळ्यांमधली मोकळी जागा! तुमच्या कामात सगळं यावर अडतं. ६२०५ मध्ये नेहमीचा क्लिअरन्स ५ ते २० मायक्रॉन असतो, सी३ हा जास्त ढिला प्रकार घेतलात तर १३ ते २८. घट्ट फिट आणि गरम होणं यांमुळे त्यातला काही भाग जातो, पण उरलेल्या ढिलाईत शाफ्ट हलत असेल तर ३ मायक्रॉनची रिंग तिथे काय करणार? म्हणून लेथच्या स्पिंडलला अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगची (ज्यात गोळ्या रिंगांना तिरक्या कोनात टेकतात) जोडी प्रीलोड देऊन, म्हणजे आधीच एकमेकींवर दाबून, बसवतात आणि ढिलाई काढून टाकतात. तुमच्या मापात ते ७२०५. स्पिंडल खरंच नेमका हवा असेल तर ६२०५ चा वर्ग वाढवण्याआधी हा बदल करा.

मी एकदा ग्राइंडरच्या स्पिंडलला पी४ जोडी बसवली. डायल (रनआउट मोजायचं घड्याळ) लावला, तर रनआउट जवळजवळ पहिल्याइतकाच. दोन दिवस मी बेअरिंगला दोष देत होतो. शेवटी शाफ्टची बैठक, म्हणजे बेअरिंग बसतं तो भाग, मोजली तर ती गोलच नव्हती. रिंग दिसते कडक, पण भिंत पातळ असल्याने ती बैठकीचाच आकार घेते. शाफ्ट ग्राइंड करून आणल्यावर तीच जोडी सुरेख चालली. तेव्हापासून आधी बैठक मोजतो, मग वर्ग ठरवतो.

तुमच्या जागी मी असतो तर शाफ्ट आणि हाउसिंगच्या (बाहेरची रिंग बसते त्या घराच्या) बैठका ४-५ मायक्रॉनच्या आत गोल करून घेता येतात का ते आधी विचारलं असतं. येत असतील तर पी५ ची ७२०५ जोडी घ्या, बहुतेक छोट्या लेथला ती पुरेशी आहे. साध्या टर्निंगच्या पुढे जायचं नसेल तर पी६ वरही काम होईल. बैठका तेवढ्या होत नसतील तर पी४ चे पैसे वाचवा आणि तेच शाफ्ट ग्राइंड करण्यावर घाला.

बसवताना एक काळजी घ्या. अचूक बेअरिंगच्या रिंगवर बऱ्याचदा रनआउटचा उंच बिंदू खुणेने दाखवलेला असतो. ती खूण शाफ्टच्या रनआउटच्या उंच बाजूच्या बरोबर समोर ठेवा, म्हणजे दोघांची चूक एकमेकांतून वजा होते. आतली रिंग शाफ्टवर चढवताना जोर आतल्याच रिंगवर द्या. बाहेरच्या रिंगवर ठोकलंत तर तो मार गोळ्यांतून जातो, रिंगांवरच्या गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात, आणि पी२ असलं तरी ते पहिल्या दिवसापासून आवाज करतं.