सगळ्या नोंदी ऑनलाइन सापडत असताना कौटुंबिक इतिहास संस्थेचं सभासद होऊन काय फायदा?

तुमची अडचण अशी दिसते: वंशावळ चार पिढ्यांपर्यंत संकेतस्थळांवरून जमली, पुढे एका पणजोबांपाशी अडली आणि आता कौटुंबिक इतिहास संस्थेची, म्हणजे एखाद्या भागातल्या घराण्यांच्या जुन्या नोंदींवर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या मंडळाची, वर्गणी भरावी की नाही हे ठरत नाही. माझं उत्तर आहे, भरा. फक्त संस्था निवडताना तुम्ही कुठे राहता ते पाहू नका, पूर्वज कुठे राहत होते ते पाहा. जवळच्या संस्थेत बैठकांना जाता येतं, शिकायलाही मिळतं, पण ज्या भागातल्या नोंदवह्या हव्यात त्यांवर वर्षानुवर्षं काम केलेली माणसं त्या भागाच्या संस्थेतच असतात. बॉस्टनची न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जीनिऑलॉजिकल सोसायटी (१८४५) किंवा लंडनची सोसायटी ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स (१९११) ही संस्था मोठी आहे, ग्रंथालयं समृद्ध आहेत. तरी एखाद्या परगण्यातल्या खेड्याची माहिती तिथल्या छोट्या संस्थेकडेच जास्त असते. आडनाव दुर्मीळ असेल तर एकेका आडनावाचा जगभर माग काढणाऱ्यांची गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज ही संस्था १९७९ पासून आहे, तिथेही विचारून पाहा.

सगळ्यात मोठा फायदा सूचींचा, म्हणजे नोंदवह्या वाचून केलेल्या नावांच्या याद्यांचा. ऑनलाइन शोध मूळ कागदावर चालत नाही, कुणीतरी तो वाचून जे टंकलं त्यावर चालतो. टंकणारा त्या भागाचा नसेल तर वाडीचं नाव किंवा तिथलं नेहमीचं आडनाव त्याला ओळखू येत नाही. साउंडेक्स या उच्चारावरून नावं शोधण्याच्या पद्धतीने मिळतीजुळती आडनावं सापडतात खरी, पण ती पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे करते. म्हणजे मुळातलं पहिलं अक्षर के (K) कुणी आर (R) वाचलं असेल तर तुमचा माणूस कितीही शोधा, सापडणार नाही. संस्थेची सूची त्या भागातली नावं तोंडपाठ असलेल्या स्वयंसेवकांनी केलेली असते. एकाच नोंदवहीच्या दोन सूची पडताळून पाहिल्या की अडलेली गाठ बऱ्याचदा तिथेच सुटते.

दुसरी गोष्ट थडग्यांवरच्या मजकुराची. अनेक संस्थांनी काही दशकांपूर्वी दफनभूमी पायाखाली घालून एकेका दगडावरचा मजकूर उतरवून घेतला. त्यानंतर वालुकाश्माचे पापुद्रे निघाले, काही दगड हलवले गेले, आणि आता तो मजकूर फक्त संस्थेच्या वहीत उरला आहे. वहीसोबत नकाशा असेल तर शेजारची थडगी आवर्जून बघा, लेकी-जावई बहुतेक वेळा तिथे भेटतात. स्वतः दगड वाचायला जाल तेव्हा ऊन तिरपं असू द्या, किंवा आरशाने बाजूने उजेड पाडा. अक्षरांच्या खाचेत सावली भरते आणि ती उठून दिसतात. खडू, तारेचा ब्रश, दाढीचा फेस यांतलं काहीही वापरू नका. ते दगडाच्या छिद्रांत बसतं किंवा वरचा थरच खरवडून काढतं.

जुनं हस्ताक्षर हा नवख्यांचा खरा अडसर, आणि इथे अनुभवी सभासदाची नजर वर्गणी वसूल करून देते. जुन्या इंग्रजी लिखाणातला लांब एस (ſ, एस अक्षराचं जुनं रूप) जवळजवळ एफसारखा दिसतो. वाचण्याची रीत अशी: त्याच पानावरचे ओळखीचे शब्द घ्या, महिन्यांची नावं, जॉन, मेरी, आणि त्यांतून त्या लेखनिकाची बाराखडी कागदावर तयार करा. मग अडलेला शब्द अक्षर-अक्षर तिच्याशी लावा. म्हणूनच मदत मागताना कापलेली ओळ पाठवू नका, अख्खं पान पाठवा. नुसत्या ओळीत ताडून बघायला अक्षरंच नसतात.

तारखांचे खड्डेही ठाऊक असलेला माणूस लागतो. इंग्लंडमध्ये १७५२ च्या आधी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. मूल एप्रिल १७२० मध्ये जन्मलं आणि फेब्रुवारी १७२० मध्ये पुरलं, अशी नोंद दिसली की लोक ती दोन वेगळी मुलं समजतात. ते दहा महिन्यांचं एकच लेकरू असू शकतं. दफन आपल्या हिशेबाने १७२१ मधलं. अशी तारीख १७२०/२१ लिहायची सवय ठेवा. तसंच तिथल्या १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणायची सूचना होती. चौतीस वर्षांचा माणूस तीस वर्षांचा दिसतो आणि त्यावरून काढलेलं जन्मवर्ष चार वर्षं चुकतं.

नोंदीच नष्ट झाल्या असतील तर? १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागारात आग लागून आयर्लंडच्या कितीतरी नोंदी गेल्या. अशा वेळी जमीन, सारा, मृत्युपत्रं यांच्याकडे वळावं लागतं, आणि कोणता कागद कशाची उणीव भरतो हे तिथल्या संस्थेला नेमकं माहीत असतं.

प्रश्न विचारण्याची पद्धत सांभाळा. एका वेळी एकच माणूस, एकच शंका. नाव, अंदाजे साल, गाव, हे कळलं कुठून, आणि कुठे शोधून हाती काही लागलं नाही, एवढं लिहा. 'आमच्या घराण्याबद्दल काहीही सांगा' या पत्राला चांगलं उत्तर देणं कुणालाच जमत नाही. उत्तर देणारे स्वयंसेवक असतात, आठवडे लागू शकतात. सभासदांच्या आडनाव-यादीत आडनाव, गाव आणि कालखंड असं तिन्ही भरा, म्हणजे त्याच घराण्यावर काम करणारा दूरचा नातलग तुम्हाला गाठू शकेल. त्याची वंशावळ मिळाली तरी आधार न दिलेली प्रत्येक ओळ सुगावा समजा, पुरावा नव्हे. एकाच गावातले एकाच नावाचे दोघे जोडले जाऊन अख्खी शाखा भलत्याच घराला चिकटते, ही चूक फार होते.

पैसे भरण्याआधी संस्थेच्या प्रकाशनांची यादी उघडा. तुमचं गाव आणि तुमची सालं तिच्यात आहेत का, सभासदांसाठी कुणी नोंद शोधून देतं का, नियतकालिकाचे जुने अंक शोधता येतात का, हे पाहा. गावच यादीत नसेल तर पत्र लिहून विचारा, कारण अपुऱ्या सूची छापलेल्या नसतात पण कुणाच्या तरी कपाटात असतात. सुरुवात एका वर्षाच्या सभासदत्वाने करा.