‘मिठी नदी’ की ‘माहीमची खाडी’?

धारावी आणि वांद्रे-कुर्ला संकुल यांच्यामधून वाहणाऱ्या पाण्याला कोणी मिठी नदी म्हणते, कोणी माहीमची खाडी, तर कोणी सरळ नाला म्हणून मोकळे होते; यांतले योग्य नाव कोणते, असा प्रश्न आहे. त्याला जोडूनच विचारले आहे की, हिंदी बातम्यांत ‘बंगाल की खाड़ी’ असे ऐकू येते, तर मग खाडी म्हणजे नेमके केवढे पाणी?

दुसरी शंका आधी घेतो, कारण तिचे उत्तर थोडक्यात देता येते. हिंदीत खाड़ी हा शब्द समुद्राच्या फार मोठ्या भागालाही चालतो. मराठीत त्यासाठी दोन वेगळे शब्द रुळलेले आहेत: बंगालचा तो उपसागर आणि खंबातचे, कच्छचे, इराणचे ते आखात. म्हणूनच हिंदीतले ‘खाड़ी देश’ मराठीत ‘आखाती देश’ होतात. ‘बंगालच्या खाडीत कमी दाबाचा पट्टा’ हे अलीकडे वरचेवर दिसणारे वाक्य म्हणजे हिंदी शब्दाची जशीच्या तशी उचल आहे आणि ते टाळलेच पाहिजे. मराठीतली खाडी लहान असते, चिंचोळी असते. भरतीबरोबर समुद्राचे पाणी जिथवर जमिनीत शिरते आणि ओहोटीबरोबर मागे सरते, तिथवर खाडी.

आता मूळ प्रश्न. कोकण किनाऱ्यावरची नावे ओळीने आठवून पाहावीत. सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी, वाशिष्ठी नदी आणि दाभोळची खाडी, शास्त्री नदी आणि जयगडची खाडी, काजळी नदी आणि भाट्याची खाडी, उत्तरेकडे उल्हास नदी आणि वसईची खाडी. प्रत्येक जोडीत प्रवाह एकच आहे, पण नाव दोनदा ठेवलेले आहे. डोंगराकडून येणाऱ्या पाण्याला नदीचे स्वतःचे नाव मिळते आणि भरतीच्या पाण्याला मुखापाशी असलेल्या बंदराचे किंवा गावाचे. नावे ठेवणारेही वेगळे असावेत असे मला वाटते: वरच्या अंगाला शेतकरी, तर खालच्या अंगाला होडी हाकणारे, ज्यांच्या लेखी ‘कोणत्या बंदरातून आत शिरायचे’ हीच मुख्य गोष्ट असते. मिठी आणि माहीम ही याच माळेतली एक जोडी आहे. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन निघालेली मिठी साकीनाका, कुर्ला, कलिना असे करत सुमारे अठरा किलोमीटर वाहते आणि माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. त्यामुळे दोन्ही नावे बरोबर आहेत, मात्र ती एकमेकांच्या जागी वापरायची नावे नाहीत.

नदी कुठे संपते आणि खाडी कुठे सुरू होते, याची खूण पाण्यातच पाहता येते. भरती चढत असताना धारावीकडच्या पुलावर थोडा वेळ थांबून, पाण्यात कोणी सोडलेला एखादा नारळ न्याहाळावा. तो समुद्राकडे न जाता उलटा, आतल्या बाजूला सरकत असतो. सहा-एक तासांनी तेच पाणी माघारी फिरलेले असते, तिवरांची, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या झाडांची, मुळे उघडी पडलेली असतात आणि त्यांच्या खोडांवर पाणी कुठवर चढले होते याची चिखलाची रेघ दिसते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे उधाणाच्या भरतीला, पाणी अधिक आत जाते आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या भरतीला, कमी; म्हणून ही हद्द तिथीप्रमाणे मागेपुढे होते. या पट्ट्यातले पाणी धड गोडे नसते आणि धड खारेही नसते. त्याला मराठीत मचूळ असा नेमका शब्द आहे, तो पाठ्यपुस्तकी ‘निमखाऱ्या’पुढे मागे पडू नये.

खाडी हीच इथली जुनी सीमा होती. अलीकडे मुंबईचे बेट, पलीकडे साष्टी, म्हणजे वांद्रे ज्यावर आहे ते बेट. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ मध्ये खुला झाला, तोवर इथून ओलांडायचे ते होडीने. जवळच्या ‘शीव’ या नावाचा अर्थही सीमा असाच आहे. ज्या जमिनीवर आज वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे ती बहुतांशी खाजण होती, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी खारी, चिखलाची जमीन. तिच्यावर भराव पडला आणि संकुलात रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून हा शब्दही नाहीसा झाला.

राहिला नाला. हा शब्द मला इथे सर्वस्वी अयोग्य वाटतो, आणि केवळ नदीचा मान राखावा म्हणून नव्हे. नाल्याचे पाणी एकाच दिशेला, बाहेर, वाहून जायचे असते. हे पाणी मात्र दिवसातून दोनदा आत येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दुपारी समुद्राला भरती होती; वरून येणाऱ्या पाण्याला खाली वाट मिळेना आणि कुर्ला, कलिना पाण्याखाली गेले. ज्याला आपण नाला म्हणतो त्याच्याकडून आपण फक्त निचऱ्याची अपेक्षा धरतो. खाडी म्हटले की भरती गृहीत धरावीच लागते. वाकोला नाल्यासारख्या, मिठीला येऊन मिळणाऱ्या प्रवाहांना नाला म्हणायला हरकत नाही.

तेव्हा लिहिताना ‘कुर्ल्याजवळ मिठी नदीला पूर आला’ आणि ‘माहीमच्या खाडीत होड्या नांगरल्या आहेत’ असे लिहावे. ‘मिठी खाडी’ ही जोडणी मात्र टाळावी. धारावीसमोरच्या पट्ट्याबद्दल लिहिताना, जिथे दोन्ही पाणी एकमेकांत मिसळलेली असतात, विषय पावसाच्या पाण्याचा असेल तर नदी म्हणावे आणि भरती, तिवरे किंवा मासेमारी यांचा असेल तर खाडी.