नर्स, मावशी की ब्रदर?

बाबांना अर्धांगवायू झालाय. नाकात नळी, लघवीची पिशवी. घरी चोवीस तास नर्सच ठेवावी लागेल का? (खानापूर)

तब्येत स्थिर आहे म्हणून घरी सोडलं असेल, तर सहसा नाही. आधी बाबांची दिवस-रात्रीची कामं कागदावर उतरवा. नळीतून भरवणं, कूस बदलणं, डायपर, पिशवी रिकामी करणं हे शिकलेला केअरटेकर करतो. नाकातली नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं, इंजेक्शन ही नर्सची कामं. नर्सिंगचे दोन कोर्स असतात: जीएनएम 3 वर्षांचा, त्याहून प्राथमिक एएनएम 2 वर्षांचा. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मागून बघा, त्यात संकोच कसला? तुम्हाला केअरटेकर आणि बोलावल्यावर येणारी नर्स पुरेल. बाबा अंगाने जड असतील तर त्यांना विचारून ब्रदर, म्हणजे पुरुष केअरटेकर बघा. एकट्या मावशीची, म्हणजे बाई केअरटेकरची, कंबर जाते.

पहिल्या दिवशी केअरटेकरला तुमच्यासमोर बाबांना भरवू द्या. डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंश उचलली का? भरवल्यावर अर्धा-पाऊण तास तशीच ठेवली का? घाई केली तर अन्न फुप्फुसात जातं. पिशवी नेहमी कमरेच्या खाली हवी. कूस साधारण दर 2 तासांनी बदलायची, रात्रीसुद्धा. माकडहाडावर लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबूनही लालच राहिला तर बेडसोअरची (पडून राहून होणाऱ्या जखमेची) ती सुरुवात आहे. सावळ्या अंगावर लाली कळत नाही. तिथे हाताला गरम किंवा टणक लागतं का पाहा.

आईला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, मराठीच कळतं. एजन्सीची बाई कन्नडच बोलते. चालेल? (टिळकवाडी)

माझं मत विचाराल तर थोडं थांबा, पण मराठी बोलणारी शोधा. या आजारात मागाहून शिकलेली भाषा बहुधा आधी जाते, आईची भाषा टिकते. आई "तहान लागली" म्हणते आणि समोरचीला कळत नाही, मग आई चिडते, आणि आपण म्हणतो आजार वाढला! इथे नर्सिंगच्या शिक्षणापेक्षा बोली आणि रोज तोच चेहरा मोलाचा. आपल्या बेळगाव भागात दोन्ही भाषा बोलणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. तोवर हीच बाई ठेवायची, तर पाणी, दुखतंय, लघवी असे दहा-बारा मराठी शब्द तिला कन्नड लिपीत लिहून द्या.

आजींना सांभाळणाऱ्या मावशींनी घरचा स्वयंपाक, धुणंही केलं तर? (निपाणी)

आजींची पेज आणि आजींचे कपडे, तेवढंच. त्या चुलीपाशी असताना आजी एकट्या उठल्या आणि पडल्या, तर दोष कुणाला देणार? मावशींना झोप आणि आठवड्याची सुट्टी द्या. त्या दिवशी आजींजवळ कोण बसणार, ते आजच ठरवा.