इलेक्ट्रिक गिटारमध्ये चार तारांचा नवा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप, म्हणजे गिटारचा आवाज पकडणारा भाग) जुन्या दोन तारांच्या हंबकरच्या जागी कसा जोडायचा?

सेमोर डंकन कंपनीचा असेल तर लाल आणि पांढरी तार एकमेकींना सोल्डर करून टेप लावा, काळी स्विचला द्या, हिरवी आणि उघडी तार व्हॉल्यूम पॉटच्या (आवाजाच्या नॉबखालच्या भागाच्या) पाठीवर अर्थला. ही सिरीज जोडणी (दोन्ही कॉइल एकामागून एक), आवाज सर्वांत भरदार. लाल-पांढरी जोडी पुश-पुल पॉटमधून (ओढला-दाबला की स्विचसारखा चालणारा नॉब) अर्थला नेली की एकच कॉइल वाजते. आवाज पातळ होतो आणि गुणगुणही परत येते. म्हणून मला पॅरलल जोडणी (दोन्ही कॉइल शेजारी-शेजारी) जास्त आवडते: काळी-लाल स्विचला, पांढरी-हिरवी अर्थला. आवाज स्वच्छ, गुणगुण नाही.

डिमार्झिओचे रंग वेगळे: लाल स्विचला, काळी-पांढरी एकत्र, हिरवी अर्थला. दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र लावल्यावर स्विचच्या मधल्या पोझिशनला (दोन्ही पिकअप एकत्र वाजताना) आवाज किरकिरा, पोकळ आला तर फेज उलटी आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडताहेत. एकाच पिकअपच्या स्विच आणि अर्थच्या तारांची अदलाबदल करा. उघडी तार मात्र अर्थलाच राहू द्या. मल्टिमीटरवर सिरीजला ८ किलो-ओम दिसत असेल, तर पॅरललला साधारण २ यायला हवेत.