सेटलमेंटचा फोन आला तर

तुझा मेसेज वाचला. क्रेडिट कार्डाचे एक लाख चाळीस हजार थकलेत, वसुलीवाला म्हणतो सेटलमेंट करा, सत्तर हजार भरा आणि मोकळे व्हा, आणि तू विचारतोस, "यात तोटा काय?" सेटलमेंट घेऊ नकोस. तुला अर्ध्यात सुटलो असं वाटेल, पण क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे तुझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' (पूर्ण फेडलं) ऐवजी 'सेटल्ड' (तडजोडीत मिटवलं) लागेल. उद्या गृहकर्जाच्या फायलीत तो शब्द दिसला की अधिकारी आधी तिथेच थांबतो. क्रेडिट स्कोअर नंतर चढला तरी शेरा राहतो, आणि तो बदलायचा तर बहुधा उरलेले पैसे भरावेच लागतात. मग आज सवलत कसली मिळाली?

"वर्षभर दर महिन्याला भरत होतो, तरी रक्कम हलली नाही," म्हणतोस. कशी हलेल? तू मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरत होतास. महिना साडेतीन टक्के धर: 1,40,000 वर व्याज 4,900, त्यावर 18 टक्के जीएसटी 882. म्हणजे 5,782 गेले. पाच टक्क्यांचा मिनिमम 7,000 भरलास, तर मुद्दल उतरली फक्त 1,218. वर त्याच कार्डावर किराणा आणि पेट्रोल चालूच. बाकी पुढच्या महिन्यात ढकलली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, व्याज खरेदीच्या दिवसापासूनच लागतं. हे स्टेटमेंटच्या मागच्या पानावर छापलेलं असतं, पण ते पान कुणी उलटत नाही, त्याला मी काय करू!

आता कामाचं. कार्ड वापरणं आजपासून बंद, ऑनलाइन दुकानांत सेव्ह केलेलंही काढून टाक. दोन तारखा चुकल्यात. देय तारखेपासून 90 दिवसांत मिनिमम पूर्ण भरला गेला नाही तर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या वाटेवरचं कर्ज, ठरतं. म्हणून यावेळी, फक्त यावेळी, थकीत मिनिमम भरून टाक, म्हणजे श्वास घ्यायला जागा मिळेल. मग एजंटला बाजूला ठेवून थेट बँकेला ईमेल कर: उरलेली बाकी ईएमआयमध्ये बदलून द्या, दर आणि प्रोसेसिंग फी लेखी कळवा. दर कार्डाच्या व्याजाच्या निम्म्याच्याही खाली येऊ शकतो. नावावर एफडी असेल तर त्यावर कर्ज काढ, ते एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्केच महाग पडतं. नसेल तर घरी बोल. आईच्या पाटल्या बँकेत तारण ठेवणं तुला लाजिरवाणं वाटतं, पण 42 टक्के व्याज भरताना लाज वाटली नाही! पाच ॲपवर पर्सनल लोनसाठी अर्ज मात्र टाकू नकोस, प्रत्येक चौकशी रिपोर्टात नोंदली जाते. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने काही बिघडत नाही. हे रिपोर्ट बनवणाऱ्या चारही कंपन्या, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट देतात.

वसुलीवाला पुन्हा फोन करेल, आवाज चढवेल. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची त्याला परवानगी नाही, केलाच तर वेळ टिपून ठेव. त्याच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नकोस, भरणा फक्त कार्डाच्या खात्यात. आणि सेटलमेंट नको, हे त्याला तिसऱ्यांदा सांगायलाही कंटाळू नकोस.

मला हट्टी म्हणशील. नोकरीच गेली, घरात मोठं आजारपण आलं, दुसरी वाटच उरली नाही, तर सेटलमेंट समजू शकतो. तुझा पगार चालू आहे, वय सव्वीस, आणि दोन वर्षांनी फ्लॅट घ्यायचा म्हणतोस. अशा माणसाने सत्तर हजारांसाठी शेरा लावून घ्यायचा?

पूर्ण फेडलंस की नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला, माग. कार्ड बंद करायचं असेल तर बाकी शून्य झाल्यावर लेखी अर्ज दे. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड द्यावा लागतो. महिन्या-दीड महिन्याने रिपोर्ट काढून 'क्लोज्ड' आलंय का बघ. नसेल तर सिबिलच्या साइटवर डिस्प्यूट टाक आणि बँकेलाही कळव. तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई तुला मिळायला हवी. त्यासाठी तक्रारीचा क्रमांक आणि तारीख जपून ठेव.

आज स्टेटमेंटचा फोटो पाठव, मागच्या पानाचाही.