वाचक विचारतात : कॅमेरा पुढचा, मागचा आणि न विचारता बदललेला

या वेळी मोबाइलच्या कॅमेऱ्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे फोटो काढण्याच्या बटणाशेजारच्या दोन बाणांच्या, म्हणजे पुढचा-मागचा कॅमेरा बदलणाऱ्या बटणाभोवती फिरणारे आहेत.

प्रश्न : मुलीसोबत शाळेच्या फाटकापाशी सेल्फी काढली, तर मागच्या पाटीवरचं शाळेचं नाव उलटं आलं. बहिणीच्या फोनवर ते सरळ येतं. माझ्या फोनमध्ये बिघाड आहे का? (कराड)

उत्तर : बिघाड नाही. पुढचा कॅमेरा चालू असताना पडद्यावर आरशातलं रूप दिसतं. फोटो सेव्ह होताना तो तसाच ठेवायचा की सरळ करायचा, हे एका सेटिंगवर ठरतं. आयफोनवर सेटिंग्ज, मग कॅमेरा आणि तिथे ‘मिरर फ्रंट कॅमेरा’ बंद करा. सॅमसंगवर कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘सेव्ह सेल्फीज ॲज प्रीव्ह्यूड’ बंद करा. बाकीच्या फोनवर कॅमेरा ॲपच्या सेटिंग्जमध्ये ‘मिरर’ हा शब्द असलेली ओळ शोधा. काढून झालेला फोटोही सुधारता येतो. गॅलरीत एडिट, मग क्रॉप उघडा आणि समोरासमोर दोन त्रिकोण असलेलं चिन्ह एकदा दाबा.

सेटिंग बंद केल्यावर भांग दुसऱ्या बाजूला गेल्यासारखा वाटेल आणि चेहरा अनोळखी दिसेल. इतरांना तुम्ही तसेच दिसता, त्यामुळे चारेक दिवस तसंच राहू द्या. ऑनलाइन शिकवणाऱ्यांसाठी एक सूचना : व्हॉट्सॲप किंवा झूमवर तुमच्या चौकटीत अक्षरं उलटी दिसली, तरी समोरच्याला ती सरळच दिसतात. फळ्यावर मुद्दाम उलटं लिहू नका.

प्रश्न : औषधाच्या स्ट्रिपवरची तारीख वाचायला फोन जवळ नेला की चित्र अचानक उडी मारतं आणि फोटो भुरकट येतो. फोन महागाचा आहे, मग असं का? (नाशिक)

उत्तर : महागाचा आहे म्हणूनच. चांगल्या फोनमध्ये मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर (उजेड टिपणारा भाग) मोठा असतो. त्यामुळे कमी उजेडात फोटो छान येतो, पण अशा अनेक फोनवर १५ ते २५ सेंटिमीटरच्या आतली वस्तू फोकसमध्ये येत नाही. तुम्ही त्याहून जवळ गेलात की फोन स्वतःच अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर जातो आणि मधला भाग कापून मोठा करून दाखवतो. दोन लेन्स फोनच्या पाठीवर एकमेकींपासून थोड्या दूर असतात, म्हणून चित्र उडी मारतं. अल्ट्रावाइडचा सेन्सर लहान असतो, म्हणून ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो भुरकट येतो. त्यात फोन इतका जवळ असला की त्याचीच सावली स्ट्रिपवर पडते.

आयफोन १३ प्रो आणि त्यानंतरच्या प्रो मॉडेलवर असा बदल झाला की पडद्यावर पिवळं फूल दिसतं. त्यावर बोट टेकवलं की फोन मुख्य लेन्सवर परत येतो. फूल दिसत नसेल तर सेटिंग्ज, कॅमेरा इथे ‘मॅक्रो कंट्रोल’ चालू करा. सॅमसंगच्या वरच्या श्रेणीतल्या फोनवर याच कामासाठी ‘फोकस एन्हान्सर’चं चिन्ह येतं.

पण खरा उपाय फोन मागे घेण्याचाच आहे. स्ट्रिप टेबलावर ठेवा, फोन २५ ते ३० सेंटिमीटर वर धरा, २एक्स (दुप्पट झूम) निवडा आणि अक्षरांवर एकदा बोट टेकवून फोकस धरा. स्ट्रिपची चंदेरी बाजू चकाकत असेल तर ती थोडी तिरकी करा. फ्लॅश लावू नका, नेमकी तारखेवरच पांढरी तिरीप येते. सातबारा, रेशन कार्ड, बिलं यांचे फोटोही असेच काढावेत.

झूमच्या बाबतीतही फोन असाच परस्पर निर्णय घेतो. ३एक्स दाबलं म्हणजे दूरची लेन्स चालू झाली, असं नाही. उजेड कमी असेल किंवा वस्तू फार जवळ असेल तर तो मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतो. खात्री करायची असेल तर ३एक्सवर असताना पाठीवरच्या लेन्स एकेक करून बोटाने झाका. जी झाकल्यावर पडदा काळा होतो, तीच त्या क्षणी काम करते आहे. (बोटाचा ठसा नंतर मऊ सुती कापडाने पुसा. दिव्यांभोवती पसरट किरणं दिसण्याचं कारण बहुतेक वेळा हा तेलकट ठसाच असतो.)

प्रश्न : मागचा कॅमेरा चालतो, पण पुढच्यावर गेलं की पडदा काळा. दुकानदार लगेच कॅमेरा बदलायला सांगतो. (लातूर)

उत्तर : घाई करू नका. अँड्रॉइड १२ पासून क्विक सेटिंग्जमध्ये (पडदा वरून खाली ओढल्यावर दिसणाऱ्या बटणांत) ‘कॅमेरा ॲक्सेस’ बंद करण्याचं बटण असतं, पण त्याने दोन्ही कॅमेरे एकदम बंद होतात. तुमचा मागचा चालतो आहे, म्हणजे कारण ते नाही. आधी फोन रीस्टार्ट करा. एखादा अर्धवट बंद झालेला व्हिडिओ कॉल कॅमेरा अडवून बसला असेल तर तो एवढ्याने सुटतो. मग सेटिंग्ज, ॲप्स, कॅमेरा, स्टोरेज या वाटेने आधी कॅशे (ॲपने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल्स) आणि गरज पडली तर डेटाही साफ करा. त्याने काढलेले फोटो जात नाहीत, ॲपची सेटिंग्ज मूळ जागी येतात इतकंच.

त्यानंतर व्हॉट्सॲपमधून पुढचा कॅमेरा उघडा. तिथे चित्र दिसलं तर दोष कॅमेरा ॲपचा, त्याला अपडेट द्या. तिथेही काळंच असेल आणि फोन नुकताच पडला असेल, तर पुढच्या कॅमेऱ्याची छोटी पट्टी मदरबोर्डवरच्या कनेक्टरमधून निसटलेली असू शकते. दुरुस्ती करणाऱ्याला आधी ती नीट बसवून पाहायला सांगा, नवा भाग नंतर. पडदा काळा नसून धुरकट दिसत असेल, तर मात्र स्क्रीनगार्डची कड किंवा त्याखालची धूळ तपासा.

प्रश्न : कडेवर बाळ असताना बाणांच्या बटणापर्यंत अंगठा पोहोचत नाही. दुसरी सोय आहे का? (डोंबिवली)

उत्तर : सॅमसंगवर चित्रावर बोट सरळ वर किंवा खाली ओढलं की पुढचा-मागचा बदलतो. बोट तिरकं गेलं तर मोड बदलून व्हिडिओ लागतो, तेवढं सांभाळा. मोटोरोलावर मनगट दोनदा झटकन फिरवलं की कॅमेरा उघडतो आणि उघडा असताना पुन्हा तसंच केलं की बदलतो. आयफोनवर होम स्क्रीनवरचं कॅमेऱ्याचं चिन्ह दाबून धरा, ‘टेक सेल्फी’ येईल. फोटो काढायला आवाजाचं बटण वापरा.

प्रश्न : गणपतीच्या आरतीचा व्हिडिओ घेताना मधेच स्वतःकडे कॅमेरा वळवायचा असतो. बटण दिसतच नाही. (पुणे)

उत्तर : हे फोनवर अवलंबून आहे. आयफोनच्या मूळ ॲपमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना कॅमेरा बदलता येत नाही. आयओएस १८ पासून पॉजचं बटण आहे, पण त्यानेही बदल होत नाही. दोन तुकडे घेऊन नंतर जोडणं हाच मार्ग. आयफोन १७ च्या मालिकेत ‘ड्युअल कॅप्चर’ आहे, त्यात पुढचं आणि मागचं चित्र एकाच वेळी रेकॉर्ड होतं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग चालू असताना बदल होतो, पण दोन्ही कॅमेऱ्यांना जमेल अशा दर्जावरच. मागचा कॅमेरा ४के (जास्त बारीक चित्र), सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) अशा दर्जावर असेल आणि पुढच्याला ते झेपत नसेल, तर बटण गायब होतं. १०८०पी, ३० फ्रेम ठेवून पाहा.

मंडपातल्या दिव्यांमुळे व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसले, तर कारण विजेत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. कॅमेरा ॲपमध्ये प्रो व्हिडिओ हा मोड असेल तर त्यात शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आयफोनवर सेटिंग्ज, कॅमेरा, ‘रेकॉर्ड व्हिडिओ’ इथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करून २५ फ्रेम निवडा. ही तयारी आरती सुरू होण्याआधीच करून ठेवा, रेकॉर्डिंग चालू झाल्यावर फ्रेमचं सेटिंग बदलता येत नाही.